पुण्यातील परिषदा व प्रदर्शनांच्या व्यवसायाची मोजणी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
जिल्हा नियोजन समिती, पुणे.

विषय : पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील परिषदा, प्रदर्शने आणि कंपन्यांचे मेळावे यांची आर्थिक पाहणी हाती घेण्याबाबत.

महोदय,

मोशीला दर डिसेंबरात किसान प्रदर्शन भरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याचा एमएसएमई डिफेन्स एक्स्पोही तेथेच झाला. एप्रिल २०२२ मध्ये सिंचननगरच्या मैदानावर पर्यायी इंधन परिषद झाली, आणि २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका जानेवारीत व जूनमध्ये या शहरात पार पडल्या. डीलर मीट आणि वार्षिक सभा तर वर्षभर चालूच असतात. यावर पोट असलेले आम्ही मंडपवाले, स्टॉल उभारणारे, साउंड-लाइटवाले, केटरर, टेम्पोवाले व सभागृहचालक आपल्याकडे अनुदान मागायला आलेलो नाही. आम्हाला मोजा, एवढेच मागणे आहे.

आज आकडा देतो तो आयोजक. जेवायला बाहेर जाऊन परत आलेला माणूस गेटवर दुसऱ्यांदा मोजला जातो. यंत्राची नुसती चौकशी झाली तरी ती कोटींच्या उलाढालीत धरली जाते. असल्या आकड्यांवर बँक कर्ज देत नाही आणि विकास आराखड्यात मैदानही राखले जात नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आधी बंद पडले ते कार्यक्रम आणि शेवटच्या रांगेत सुरू झाले तेही कार्यक्रमच. त्या वेळी आमचे नुकसान दाखवणारा एकही सरकारी कागद आमच्या हाती नव्हता.

सरकारदरबारी आम्ही अगदीच नाही, असे नव्हे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ८२३०० आणि जीएसटीत ९९८५९६ हे संकेतांक याच कामाचे आहेत. पण त्यात सापडतो मुख्यतः आयोजक. नऊ चौरस मीटरच्या एका साध्या स्टॉलमागे काय असते ते पाहावे : ऑक्टानॉर्मचे खांब व पॅनेल जोडणारी टोळी, कार्पेट, वरची नावपट्टी, स्पॉटलाइट, विजेचा पॉइंट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि हे सारे रातोरात पोहोचवणारा टेम्पो. जर्मन हँगर आणि जनरेटर वेगळे. यांची बिले भाडे, वाहतूक, छपाई, केटरिंग अशी विखुरतात. मजुरी बहुधा रोखीत जाते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेले कित्येक जण जीएसटीत नोंदलेलेच नसतात. शिवाय आज लग्न आणि परवा परिषद करणारा मंडपवाला दोन्ही कामे एकाच वहीत लिहितो.

पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने २००६ मध्ये अशा कार्यक्रमांची व्याख्या ठरवून दिली आहे : किमान १० माणसे, किमान चार तास, आणि ठरवून घेतलेली जागा. त्यात लग्नकार्ये व शाळा-कॉलेजचे वर्ग बाद होतात. कॅनडाने याच आधारावर देशभर पाहणी केली. आयसीसीए या आंतरराष्ट्रीय परिषद संघटनेची जागतिक क्रमवारी येथे उपयोगाची नाही; ती फक्त किमान ५० प्रतिनिधींच्या, निदान तीन देशांत फिरणाऱ्या संस्था-परिषदा मोजते. चाकणच्या कारखान्याचा डीलर मेळावा त्यात बसणार कसा?

म्हणून विनंती की, जिल्हा सांख्यिकी कार्यालयामार्फत एका पूर्ण आर्थिक वर्षाची पाहणी करावी. फक्त हिवाळ्याची नको, कारण पावसाळ्यात आमचे गोदाम भरलेले आणि हात रिकामे असतात. दोन्ही महापालिका, पोलीस व अग्निशमन विभाग परवानग्या देतातच. त्यातून कार्यक्रम, जागा, दिवस व क्षेत्रफळ यांची एक मासिक नोंदवही तयार व्हावी. बाहेरगावच्या पाहुण्याचा खर्च वेगळा काढावा. कोथरूडहून मोशीला येऊन वडापाव खाणाऱ्याने शहराच्या कमाईत फारशी भर घातलेली नसते. चेन्नईहून येऊन वाकडला तीन रात्री राहणाऱ्याने घातलेली असते. आयोजकाने सभागृहाला दिलेले भाडे आयोजक व सभागृह अशा दोघांच्याही खात्यात धरू नये, मोजावे ते मूल्यवर्धन. रात्रपाळीच्या मजुरांचे मनुष्यदिवस मात्र न चुकता मोजावेत.

माहिती सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली घ्यावी, म्हणजे ती करवसुलीला वापरली जाईल ही धास्ती राहणार नाही. नाहीतर निम्मे लोक वही उघडणारच नाहीत. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या मूल्यमापन व नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून भागवता येईल. निष्कर्ष जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात छापावेत. आकडा आमच्या समजुतीपेक्षा लहान निघाला तरी तो तसाच छापावा.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी संबंधित विभागांची व आमच्या प्रतिनिधींची एक बैठक आपण बोलवावी. प्रश्नावलीच्या चाचणीसाठी आपल्या वह्या दाखवायला आमच्यातले काही जण तयार आहेत. त्यांची नावे सह्यांच्या यादीत वेगळी दिली आहेत.

आपले नम्र,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील परिषद-प्रदर्शन व्यावसायिक व कामगार
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी :
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुंबई
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. आयुक्त, पिंपरी चिंचवड महानगरपालिका