काटकसर आपली, भाव हक्काचा

शेतकरी लग्नात, सणावारात उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, हा आरोप फार जुना आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पुढे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने नोंदवले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला नको इतके महत्त्व दिले जाते. तेव्हा काटकसरीची गोष्ट आम्ही काढतो ती सरकारचे पाप आपल्या माथी घेण्यासाठी नव्हे. भाव हा हक्कच आहे. पण मिळालेला पैसा घरात टिकतो किती दिवस?

कापसाचा चुकारा हाती पडला की बाजार दारात उभा. मोटारसायकल हप्त्याने, मोबाइल हप्त्याने. हप्ता दर महिन्याला, कोरडवाहू कापूस मात्र वर्षातून एकदा. मग हप्त्यासाठी सावकार. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दहा हजारांवर ३,६०० रुपये. एवढे व्याज सोसेल असे कोरडवाहू पीक आम्ही पाहिलेले नाही.

शेतातही तेच. शेजाऱ्याने टॉनिक मारले की आपणही मारतो. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुले वा हिरवी बोंडे किडलेली दिसली, तरच फवारा काढावा. नुसत्या भीतीपोटी काढू नये.

म्हणून चार सवयी लावून घेऊ. चुकारा आला की आधी वर्षाचा दाणा, बियाणे आणि पोरांची फी बाजूला काढायची. मोठी वस्तू पाहिली की दोन बाजार थांबायचे. तरीही गरज वाटली तर रोखीने घ्यायची. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी घरचे राखायचे. आणि रोजचा खर्च वहीत लिहायचा: एका पानावर घर, दुसऱ्यावर शेत. वही घरच्या बाईच्या हाती द्या. कणगीतला जोंधळा किती उरला, हे तिलाच आधी कळते.

ही वही लढ्यालाही लागणार आहे. २०१८-१९ पासून सरकार दीडपट हमीभाव दिल्याचे सांगते. पण त्या हिशेबात हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज सोडून देतात. खरा उत्पादनखर्च आपल्याच वहीतून दाखवावा लागेल. पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणा.