पडदा वजा केला, तर किंमत किती वजा होईल?

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘स्विच’ ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. घरी टीव्हीला जोडून आणि बाहेर हातात धरून, असे दोन्ही प्रकारे खेळता येणे हीच त्याची ओळख होती. अमेरिकेत त्याची किंमत २९९.९९ डॉलर होती. सप्टेंबर २०१९ मध्ये केवळ हातात धरून खेळण्याचा ‘स्विच लाइट’ १९९.९९ डॉलरना आला आणि साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. टीव्हीची सोय काढल्यावर शंभर डॉलर वाचत असतील, तर पडदा आणि बॅटरी काढून फक्त टीव्हीवर चालणारे यंत्र का देऊ नये? ज्या घरात हे यंत्र दिवाणखान्याबाहेर जातच नाही, त्या घराने पडद्याचे पैसे का मोजावेत?

मागणी रास्त आहे. हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही.

स्विच ज्यात ठेवतात तो डॉक म्हणजेच टीव्हीवरचे यंत्र, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक डॉक हा वीज आणि चित्र पोहोचवणारा निव्वळ दुवा आहे. प्रोसेसर, मेमरी, पंखा, वायरलेस यंत्रणा हा सारा महागडा ऐवज पडद्यामागे दडलेला असतो. तो घरगुती आवृत्तीतही द्यावाच लागेल. शिवाय लाइटमध्ये कंट्रोलर यंत्राच्या अंगातच बसवून खर्च वाचवला आहे. टीव्हीपुढे बसणाऱ्याला मात्र तो वेगळाच हवा. अमेरिकेत जॉय-कॉनची जोडी सुरुवातीला ७९.९९ डॉलरना विकली जात असे. ही किरकोळ विक्रीची किंमत असल्याने त्यात नफाही आला, तरी खर्चाचा अंदाज येतो.

मग किंमत किती ठेवावी? १९९.९९ ठेवली, तर ग्राहक म्हणणार, आणखी शंभर घातले की सगळेच मिळते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते १५० डॉलरच्या वर या यंत्राला अर्थ उरत नाही. पण टोकियोतील फोमालहॉट या संस्थेने २०१७ मध्ये यंत्र सुटे करून स्विचचा उत्पादनखर्च सुमारे २५७ डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला होता. त्यातून शंभराहून अधिक डॉलर केवळ पडदा आणि बॅटरी काढून कमी होणे अवघडच.

असा प्रयोग सोनीने करून पाहिला आहे. ‘व्हिटा’ या हातातील यंत्राची टीव्हीसाठीची आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये जपानमध्ये अवघ्या ९,९५४ येनला आली. अर्थात त्या खोक्यात कंट्रोलर नव्हता. तो आणि मेमरी कार्ड यांसह संच १४,९९४ येनला पडत असे! शिवाय स्पर्शपटलावर अवलंबून असलेले अनेक खेळ त्यावर चालतच नसत. इतके स्वस्त असूनही ते यंत्र रुजले नाही.

तरीही हा विषय निकालात निघालेला नाही, याचे कारण २०२५ मधील घडामोडी. जूनमध्ये ‘स्विच २’ ४४९.९९ डॉलरना आला. नवे आले की जुने स्वस्त होते, हा बाजाराचा रिवाज; येथे ऑगस्टमध्ये अमेरिकेत जुना स्विच ३३९.९९ आणि लाइट २२९.९९ डॉलरवर गेला. मुलांसाठी दोनशे डॉलरच्या आत नवे यंत्र घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला या मालिकेत जागाच उरली नाही. भारतात तर स्विच अधिकृतपणे आलाच नाही. येथील हौशी ग्राहक आयात करणाऱ्या व्यापाऱ्याची किंमत मोजत आला आहे.

कंपनीपुढे एक वाट होती, आणि तिचे उलटे रूप तिने स्वतःच आजमावले होते. २०१८ मध्ये जपानमध्ये तिने डॉक, अॅडॅप्टर आणि टीव्हीची केबल वगळून ‘दुसरा संच’ २४,९८० येनला विकला. पूर्ण संचापेक्षा ५,००० येन कमी. ज्यांच्या घरी डॉक आहे, त्यांना दुसरा कशाला, हा त्यामागचा साधा विचार. त्याच न्यायाने, ज्यांच्याकडे जॉय-कॉन आहेत त्यांना दुसऱ्या खोलीतील टीव्हीसाठी कंट्रोलरविना घरगुती स्विच देता आला असता. १५० डॉलरच्या आसपास पोहोचायचे, तर तोच एक मार्ग दिसतो.