पाचव्या मिनिटाच्या टाळ्या

आमच्या बुलढाण्याकडे सगळं क्रिकेटच. फुटबॉल म्हणजे रात्री जागून टीव्हीवर पाहायचा. तरी एक सामना डोक्यातून जात नाही.

१२ सप्टेंबर २०१६. इंग्लंडमध्ये संडरलँड विरुद्ध एव्हर्टन. संडरलँडचा चिमुकला चाहता ब्रॅडली लोवरी तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याचा कर्करोग उलटला होता. पाचव्या मिनिटाला मैदानभर टाळ्या सुरू झाल्या, एव्हर्टनवाल्यांच्यासुद्धा! सामना एव्हर्टनने ३-० असा जिंकला, पण त्याच क्लबने ब्रॅडलीच्या उपचारांसाठी २ लाख पौंड दिले.

७ जुलै २०१७ ला ब्रॅडली गेला. मग उपयोग काय झाला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्याच्या नावाची संस्था आज इतर आजारी मुलांच्या पाठीशी उभी आहे. आणि त्याच्या आईवडिलांना ते दिवस एकट्याने काढावे लागले नाहीत, हे काय कमी आहे?

मलकापूर, शेगावहून गाडी पकडून मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाणारी माणसं आपल्याकडेही आहेत. सोबतीला फार तर घरचं एखादं माणूस. टुर्नामेंटसाठी वर्गणी काढणारे आपण, समोरच्या टीममधला कुणी आजारी पडला तर रक्त द्यायला, त्याच्यासोबत मुंबई गाठायला उठतो का?

मी स्वतः आजवर उठलेलो नाही. म्हणून तर हे लिहितोय...