संशोधन एकाचे, मोजमाप दुसऱ्याचे

कुलपात किल्ली फिरवणे, जॅकेटची चेन ओढणे, केस विंचरणे. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत हात गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी बनलेल्या ‘डेका’ या कृत्रिम हाताची पारख अशा घरगुती कामांवर झाली. अभ्यासात ३६ जणांनी हा हात वापरून पाहिला. जुन्या कृत्रिम हाताने न जमणारी कामे त्यांतल्या सुमारे ९० टक्के जणांना जमली. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. श्रेय डीन केमन यांच्या कंपनीला मिळाले आणि पैसा पुरवणाऱ्या ‘डार्पा’ या लष्करी संशोधन संस्थेला. त्याआधी हात कितपत हलका हवा, कोणत्या टप्प्याला काय साधले तर पुढचा हप्ता द्यायचा, कंपनी सांगते ते खरे आहे का, हे तपासणारी एक फळी अशा प्रत्येक प्रकल्पात असते. तिचे नाव कुठे छापून येत नाही.

या फळीतल्या माणसांना प्रोग्रॅम इंजिनीअर म्हणतात. इथे प्रोग्रॅम म्हणजे संगणकाचा नव्हे, संशोधनाचा कार्यक्रम. ‘डार्पा’ची स्वतःची प्रयोगशाळा नाही. सुमारे शंभर कार्यक्रम व्यवस्थापक विद्यापीठे आणि कंपन्यांकडून संशोधन करून घेतात आणि साधारण तीन ते पाच वर्षांनी निघून जातात. नवी माणसे, नवी कल्पना असा त्यामागचा हेतू. पण कृत्रिम हाताचा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला आणि बाजारासाठी बनलेला हात माजी सैनिकांच्या खांद्याला लागला तो २०१७ मध्ये. अकरा वर्षांच्या कामाची आठवण तीन-चार वर्षांच्या माणसाकडे कशी राहणार? ती राहते बहुधा कंत्राटावरच्या या इंजिनीअरांकडे. प्रस्ताव वाचणे, प्रयोगशाळांना भेटी देणे, चाचणीची आकडेवारी पुन्हा मांडून पाहणे, खर्च आणि वेळापत्रक जुळवणे, अहवालाचा कच्चा मसुदा लिहिणे, ही त्यांची रोजची कामे. कंत्राट कुणाला द्यायचे हे मात्र त्यांनी ठरवायचे नाही. तो अधिकार सरकारी अधिकाऱ्याचाच. ज्या कंपनीचे लोक तपासायला बसतात, त्या कंपनीला त्याच कामासाठी बोली लावण्यावर हितसंबंधांच्या नियमांनी बंधने येतात.

आरोग्याच्या क्षेत्रात या मोजणीचे मोल अधिक. २०१३ मध्ये ‘डार्पा’ने मॉडर्ना या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या कंपनीला अडीच कोटी डॉलरपर्यंतची मदत देऊ केली. एमआरएनएच्या साहाय्याने शरीरालाच प्रतिपिंडे बनवायला लावता येतील का, हा प्रश्न होता. पुढे चिकुनगुन्याविरोधी प्रतिपिंडावर, म्हणजे महाराष्ट्राने सांधेदुखीसह अनुभवलेल्या आजारावर, याच पद्धतीची माणसांत चाचणी झाली. दुसऱ्या एका कार्यक्रमाचे लक्ष्य होते नवा रोगकारक हाती आल्यापासून साठ दिवसांत संरक्षक औषध. त्यात सहभागी असलेल्या कॅनडातील अ‍ॅबसेलेरा कंपनीने कोविडमधून बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून प्रतिपिंड शोधले आणि सुमारे तीन महिन्यांत ते मानवी चाचणीपर्यंत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, आणि विषाणूचे नवे प्रकार त्याला दाद देईनात म्हणून एप्रिल २०२१ मध्ये ते एकट्याने वापरण्याची परवानगी मागे घेतली गेली. हे यश की अपयश? वेगाच्या दृष्टीने यश, टिकाऊपणाच्या दृष्टीने नाही. दोन्ही नोंदी ठेवणारा कुणीतरी लागतो, आणि तो औषध विकणारा नसलेला बरा.

नेमकी हीच फळी २०२५ मध्ये कात्रीखाली आली. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी ५.१ अब्ज डॉलरची कंत्राटे रद्द केली. त्यांत सल्लागार कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या सेवा होत्या आणि लष्करी आरोग्य यंत्रणेचे कामही होते. हे काम आपले कर्मचारी करू शकतात, असे कारण दिले गेले. मेमध्ये शस्त्रांच्या प्रत्यक्ष वापराच्या चाचण्यांवर देखरेख करणारे, १९८३ मध्ये संसदेने स्थापन केलेले कार्यालय ३० नागरी कर्मचारी, १५ लष्करी अधिकारी आणि एक प्रमुख एवढ्यावर आणण्याचा आदेश निघाला. त्याचे कंत्राटी साहाय्यही थांबवले गेले. सैनिकांच्या डोक्यावरची हेल्मेट आणि अंगावरची चिलखते कशी तपासायची याचे निकष घालून देण्यात याच कार्यालयाचा हात होता.

कपातीमागे तथ्य अजिबात नाही असे नव्हे. सल्ल्याच्या नावाखाली सरकारी निर्णयच कंत्राटदार घेऊ लागतात, ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे आणि तिला आधारही आहे. पण ‘आपले कर्मचारी करतील’ या युक्तिवादातली गोम वेगळीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत संरक्षण खात्याने नागरी मनुष्यबळ पाच ते आठ टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले होते. बाहेरचे काढायचे, आतलेही कमी करायचे आणि काम मात्र आतल्यांनी करायचे, हा हिशेब बसत नाही. संशोधनाचा वेग त्याने लगेच मंदावणार नाही. कंपन्यांचे दावे नुसते दावे म्हणून पुढे सरकत राहतील, आणि चूक कळेल ती उपकरण रुग्णाच्या किंवा सैनिकाच्या अंगावर गेल्यावर.

भारताची घडी निराळी आहे. ‘डार्पा’ आणि आपली डीआरडीओ दोन्ही १९५८ च्या, पण डीआरडीओचा भर स्वतःच्या प्रयोगशाळांवर. पुण्यात पाषाणला आणि अंबरनाथला त्या मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. शोधणारा आणि तपासणारा तिथे बऱ्याचदा एकाच छपराखाली असतो. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या निधीतील २५ टक्के वाटा खासगी उद्योग, नवउद्यमी आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला झाला. त्याच वर्षी तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा १० कोटींवरून ५० कोटी रुपयांवर गेली. पैसा बाहेर जाऊ लागला, तसे टप्पे ठरवणारे, प्रयोगशाळेत जाऊन चाचणी पुन्हा करायला लावणारे इंजिनीअरही लागणार. त्यांच्या पदांची तरतूद या घोषणांत वेगळी दिसत नाही.