राग न सोडता शांत
बेळ्ळंदूरच्या आयटी कंपन्यांत मनःशांतीची सत्रं होतात: श्वासाकडे लक्ष द्या, राग सोडा. श्वास ठीक आहे. पण आडनाव ऐकून खोली नाकारली, तो राग का सोडायचा?

१९१७ साली बडोद्यात लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून हुसकावलं. अठरा वर्षांनंतरही ते आठवलं की डोळे भरतात, असं त्यांनीच लिहिलंय. विसरले नाहीत, अडूनही राहिले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून बचत केली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं, १९२० मध्ये राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडन गाठलं. 'स्वतःच्या बळावर' म्हणतात त्यात ही उसनवारीही आलीच.

त्यातली बचत मी उचलली. फेलोशिप आली की आधी फीचे पैसे बाजूला काढते, मग घरी पाठवते. आईला कमी पडतात. तरी काढते.