एक तप इंग्रजी, पुस्तक मात्र एकही नाही

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय 2000 साली अमलात आला. त्यापूर्वी इंग्रजीची गाठ पाचवीत पडत असे. म्हणजे आज पेण किंवा रोह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या वर्गात बसलेला मुलगा बारा वर्षे, पूर्ण एक तप, इंग्रजी शिकत आलेला असतो. या तपाच्या अखेरीस त्याला एकच प्रश्न विचारून पाहावा : इंग्रजीतले एखादे पुस्तक तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहेस काय? माझ्या पाहण्यातल्या बहुसंख्य मुलांचे उत्तर नकारार्थी आहे. त्यांनी धडे वाचले आहेत, उतारे वाचले आहेत, उताऱ्यांखालचे प्रश्न आणि मार्गदर्शकांतली उत्तरे वाचली आहेत. पुस्तक वाचलेले नाही.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा या उणिवेशी निगडित आहे. पेण-रोहा परिसरातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना अकरावीच्या वर्षी मुलांसाठी लिहिलेली एक अद्भुत कादंबरी संपूर्ण वाचायला द्यावी आणि इंग्रजीचे अध्यापन तिच्याभोवती उभे करावे, असे माझे मत आहे. एल. फ्रँक बाउम या अमेरिकन लेखकाची 1900 साली प्रसिद्ध झालेली 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' ही कादंबरी मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते.

अभ्यासक्रमकर्त्यांना कादंबरीचे महत्त्व ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. 2020 साली आलेल्या बारावीच्या 'युवकभारती'त कादंबरी या वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र विभाग दिला गेला. त्यात कादंबरीचा इतिहास आला आणि 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' व 'द साइन ऑफ फोर' यांतले वेचेही आले. हेतू स्तुत्यच होता. पण वेचा ही मोठी फसवी वस्तू आहे. वेच्यातल्या पात्रांशी आपली ओळख होण्याआधीच वेचा संपतो. पुढे काय झाले हे जाणून घेण्याची ओढ कादंबरीचा प्राण असते आणि वेच्यातून नेमकी तीच काढून घेतलेली असते. मग विद्यार्थी पात्रांची नावे, स्थळे आणि कथानकाचा सारांश पाठ करतो. कादंबरीवर गुण मिळवण्यासाठी कादंबरी वाचण्याची गरज उरत नाही.

परक्या भाषेतले पुस्तक शिकण्यासाठी हाती घ्यावे आणि त्यातून काही वेगळेच निघावे, याचे एक उदाहरण रशियात घडले आहे. अलेक्सांद्र वोल्कोव्ह हे मॉस्कोतल्या एका तांत्रिक संस्थेत गणित शिकवत. इंग्रजी शिकत असताना सरावासाठी म्हणून बाउमची हीच कादंबरी त्यांच्या हाती आली. ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी तिचे रशियन भाषांतर करायला घेतले. भाषांतर करता करता नायिकेचे नाव बदलले, काही प्रसंग गाळले, एका नरभक्षक राक्षसाचा आणि एका महापुराचा प्रसंग नव्याने घातला. 1939 साली ते पुस्तक 'पाचूनगरीचा जादूगार' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि रशियन मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. इंग्रजीच्या अभ्यासाची वही मातृभाषेतल्या बालसाहित्याची ठेव झाली.

रशियन भाषकाची इंग्रजीपुढची अडचण आपल्या मुलांच्या अडचणीहून फार निराळी नाही. रशियनमध्ये उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. 'अ' कुठे लावायचा आणि 'द' कुठे, हे दोघांनाही सारखेच छळते. रशियनमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' यांत भेद आहे, आपल्याकडेही आहे. इंग्रजीतला एकच 'यू' दोघांनाही उघडावाघडा वाटतो. व्याकरणाच्या पुस्तकात उपपदांचे नियम आणि त्यांचे अपवाद पानेच्या पाने दिलेले असतात. पण आपल्या आज्या गोष्ट सांगताना 'एक होता राजा' म्हणत आणि पुढच्याच वाक्यात त्या राजाला 'तो राजा' करीत. पहिल्या उल्लेखातला 'एक' पुष्कळदा 'अ'चे काम करतो आणि पुढचा 'तो' 'द'चे. हे नियमाने शिकवायला महिना लागतो. गोष्टीत ते पानोपानी घडत असते. बुजगावणे पहिल्यांदा भेटते तेव्हा ते कुठलेतरी एक बुजगावणे असते, पान उलटेपर्यंत ते आपले बुजगावणे झालेले असते. उपपद हा ओळखीचा व्यवहार आहे, आणि ओळख व्हायला गोष्ट लागते.

मुलांची कादंबरीच का, आणि तीही अद्भुत का, असे कोणी विचारील. तिच्यातली पुनरुक्ती हे पहिले कारण. बुजगावण्याला मेंदू हवा आहे, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय, सिंहाला धैर्य आणि डोरोथीला घर. हे मागणे नव्या माणसापुढे पुन्हा पुन्हा मांडावे लागते, आणि तीच वाक्यरचना थोड्याथोड्या फरकाने परत येत राहते. चिऊकाऊच्या गोष्टीत जी युक्ती आहे तीच ही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अद्भुत कादंबरीत लेखकाने स्वतः घडवलेले शब्द असतात. 'मंचकिन' म्हणजे काय हे बाउमच्या पहिल्या अमेरिकन वाचकालाही ठाऊक नव्हते. त्यानेही तो शब्द संदर्भावरूनच ओळखला. अशा शब्दापुढे शिकागोचा मुलगा आणि नागोठण्याचा मुलगा एकाच पायरीवर उभे असतात. शब्दकोश न उघडता शब्द कळू शकतो, हा अनुभव एकदा आला की खऱ्या शब्दांची भीतीही ओसरू लागते.

निवड मात्र डोळसपणे करायला हवी. 'हॅरी पॉटर' लोकप्रिय आहे, त्याचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. पण त्याची लांबी, ब्रिटिश शाळांतली बोली आणि हॅग्रिडच्या तोंडचे मोडके शुद्धलेखन नवख्याला दमवते. टोल्कीनचे 'हॉबिट' (1937) सुंदर आहे, पण त्यातली कोडी आणि गाणी आपल्या वर्गाला जड जातील. पॉल नेशन या भाषाभ्यासकाच्या मते मदतीवाचून समजत जायचे असेल तर मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द परिचित असावे लागतात, म्हणजे पन्नासात फार तर एक शब्द अनोळखी. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत 'ऑझ'लाही ही अट पुरी होणार नाही. पण त्याची वाक्ये आखूड आहेत, कथानक सरळ आहे आणि प्रकरणे चोवीसच आहेत. शिवाय ते प्रताधिकारमुक्त असल्यामुळे प्रती छापायला कोणाची परवानगी लागत नाही की पैसे मोजावे लागत नाहीत. ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे.

या पुस्तकाचा आपल्या भूमीशी काही संबंध आहे काय? मला वाटते, आहे. त्याची सुरुवात वादळाने होते. वादळ एक घर उचलून नेते. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा घरावरचे पत्रे आणि कौले उडताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. बाउमने वापरलेला 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना घडवलेला आहे. कॅन्ससमधले वादळ शास्त्रीय भाषेत 'टोर्नेडो' म्हणावे लागेल, यावर एक अख्खा तास चर्चा होऊ शकेल. बुजगावणे पेणच्या भातखाचरात उभे असते. पावसात गंजून जागच्या जागी थिजलेला लाकूडतोड्या कोकणातल्या मुलाला परका वाटणार नाही. त्याच्या घरच्या विळा-कोयत्यांचेही चार महिने तेच होते.

एका पुस्तकाच्या ओढीने भाषा शिकण्याची परंपराही या मातीला नवी नाही. विनोबांचा जन्म 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले; वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडच्या भाषा आत्मसात केल्या. वाचायचे काय हे त्यांच्यापुढे आधी ठरलेले असे, भाषा त्या वाचनाची वाट म्हणून येई. रोह्याशी घराण्याचे नाते असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी बँका आणि अर्थखाते सांभाळणाऱ्या हातांनी मेघदूत मराठीत आणले. गणिताचा अध्यापक वोल्कोव्ह, अर्थतज्ज्ञ देशमुख आणि संन्यस्त वृत्तीचे विनोबा यांच्यात साम्य शोधू गेल्यास ते एवढेच सापडेल की तिघांनीही परभाषेतले पुस्तक परीक्षेसाठी वाचले नाही.

केवळ भावनेवर ही बाजू मांडावी लागत नाही. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी 1980 च्या सुमारास फिजीतल्या ग्रामीण शाळांत एक प्रयोग केला. आठ शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली आणि ठरावीक वेळ ती वाचू दिली. इतर शाळा नेहमीच्या पाठ्यक्रमाने चालल्या. पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झाली. त्या मुलांचीही इंग्रजी मातृभाषा नव्हती, आणि त्यांच्यात हिंदुस्थानी वंशाची मुले होती.

आता आक्षेपांकडे वळू. सतरा वर्षांच्या मुलांना लहान मुलांचे पुस्तक देणे हा त्यांचा अपमान नाही का? मराठीत ज्याची समज प्रौढ आहे त्याला इंग्रजीत वर्षानुवर्षे निर्जीव वाक्ये देत राहणे, हा माझ्या मते अधिक मोठा अपमान आहे. 'ऑझ' वरवर बालिश दिसते. पण आपल्याकडे मेंदू नाही असे मानणारे पात्रच सर्वांत शहाणे सल्ले देते, यातली खोच सतराव्या वर्षीच चांगली कळते.

दुसरा आक्षेप असा की वर्गात मराठी बोलले गेले तर इंग्रजी कशी येणार? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या वर्गातल्या कित्येकांची घरची बोली आगरी आहे, काहींची कातकरी. प्रमाण मराठीही त्यांनी शाळेतच कमावलेली आहे. म्हणजे इंग्रजीकडे येताना ते आधीच एक भाषांतर करून आलेले असतात. ही त्यांची ताकद आहे. वाचलेले प्रकरण त्यांनी आगरीत सांगावे, एक परिच्छेद मराठीत उतरवावा, मग पुन्हा मूळ पाहावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या. तिच्यात भाषांतर होते, गोष्ट नव्हती. रशियात इल्या फ्रँक यांनी रूढ केलेली पद्धतही उपयोगी पडेल : आधी मजकुरात जागोजागी अर्थ पेरलेला उतारा वाचायचा, नंतर तोच उतारा अर्थाविना. पहिल्या चार-पाच प्रकरणांसाठी शिक्षकाने अशी पाने तयार करावी आणि पुढे हात काढून घ्यावा.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. परीक्षा सोडता येत नाही. पण अकरावीच्या वर्षाला बोर्डाच्या परीक्षेचा धाक नसतो. आठवड्याला दोन तासिका आणि एक प्रकरण, असे धरले तर चोवीस आठवड्यांत पुस्तक संपते. त्यावर गुणांची परीक्षा घेऊ नये. घेतली की मार्गदर्शक छापले जातील.

यात पणाला काय लागले आहे, हे शेवटी सांगायला हवे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत घातक रसायनांविषयीच्या सूचना इंग्रजीत आलेल्या असतात. नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात. ज्याने इंग्रजीत कधी सलग वीस पाने वाचली नाहीत त्याला दोन पानी सूचनापत्रही डोंगर वाटते आणि तो सही करून मोकळा होतो. आपल्या भागात इंग्रजीचे वेड पुष्कळ आहे, वाचन नाही. बाउमच्या पाचूनगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतात. म्हणून नगरी हिरवीगार भासते. इंग्रजी माध्यमाच्या पाट्यांनी पालकांच्या डोळ्यांवर असाच चष्मा चढवला आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला त्या हिरव्या झगमगाटात स्वतःचे घर कळकट दिसू लागले आहे. कादंबरीत पडदा कोसळतो तेव्हा महाभयंकर जादूगाराच्या जागी एक टकला, सुरकुतलेला, शब्दभ्रमाचे खेळ जाणणारा म्हातारा निघतो. माणूस वाईट नाही, जादूगार मात्र नव्हे.

इंग्रजीही तशीच आहे. तिच्यामागचा माणूस दिसायला पडद्याजवळ जावे लागते आणि उतारे वाचून तिथवर पोचता येत नाही. अध्यापक मित्रांनी पुढल्या जूनमध्ये एकाच तुकडीपुरता हा प्रयोग करून पाहावा. त्यातल्या चाळीस मुलांपैकी दहांनी जरी चोविसावे प्रकरण स्वतः वाचून संपवले, तरी बारा वर्षांत जे घडले नाही ते एका वर्षात घडलेले असेल.