धरणकाठच्या हॉटेलाची फाइल खालच्या गावातून वाचा

धरणाच्या काठावर हॉटेल उभे करायचे ठरले की एक जाडजूड फाइल तयार होते. सातबारा, मोजणीचा नकाशा, जागेचा झोन, चटईक्षेत्र, इमारतीची उंची, रस्त्याची रुंदी, पार्किंग, अग्निशमन. जमीन शेती विभागात असेल तर झोन बदलण्याचा प्रस्ताव जातो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार त्यावर निर्णय होतो. नगररचनाकार पाहतात, अभियंते पाहतात, महसूल खाते पाहते. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला मात्र या टप्प्यावर विचारण्याची रीत नाही. आमच्याकडे ते प्रकरण येते तेव्हा फाइल नसते, रुग्ण असतो.

हा प्रश्न भोर आणि वेल्हे तालुक्यांना जवळचा आहे. वेळवंडीवरचे भाटघर १९२८ पासून उभे आहे. नीरेवर नीरा देवघर आहे, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. डोंगर, हिरवळ, समोर पसरलेले पाणी आणि पुण्याहून दोन तासांचा रस्ता, म्हणजे हॉटेलवाल्याला हवे ते सगळे इथे आहे. पण हे पाणी निव्वळ देखावा नव्हे. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि पुणेकरांच्या नळाला येते. भाटघरचे पाणी नीरेतून भोंगवलीसारख्या खालच्या खोऱ्यातल्या गावांच्या शिवाराकडे, वीर धरणाकडे आणि पुढे कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसपर्यंत जाते. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तेही याच नीरेत. काठावरच्या एका इमारतीचा निर्णय म्हणजे खालच्या लाखो घरांच्या हंड्याचा निर्णय असतो.

हॉटेलातून किती सांडपाणी निघते याचा हिशेब करून पाहू. बांधकामाच्या राष्ट्रीय मानकांनुसार चार तारांकितपर्यंतच्या हॉटेलात दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात, पंचतारांकित असेल तर ३२०. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे शंभर खाटांच्या साध्या हॉटेलाला रोज १८ हजार लिटर पाणी लागते. तेवढ्यात गावातली सव्वातीनशे माणसे भागतात. वापरलेल्या पाण्याचे साधारण ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज १४ हजार ४०० लिटर. पोहण्याचा तलाव आणि लग्नसराईची हजार पानांची पंगत यात धरलेली नाही.

यावर प्रत्येक प्रस्तावात एकच ओळ असते: ‘सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारण्यात येईल.’ ही ओळ वाचली की सगळ्यांचे समाधान होते. डॉक्टर म्हणून माझे होत नाही. कारण सांगतो.

घरगुती सांडपाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या पेल्यात, विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म जिवाणू कोटीच्या घरात असतात. चांगला चाललेला प्रकल्प त्यातले ९९ टक्के काढून टाकतो. ऐकायला छान वाटते. पण एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार नुसत्या आंघोळीच्या पाण्यातही हा आकडा २,५०० च्या वर चालत नाही आणि पिण्याच्या पाण्यात असा एकही जिवाणू चालत नाही. म्हणून शुद्धीकरणानंतर क्लोरीन किंवा अतिनील किरणांची पायरी लागते. खर्च वाचवायचा झाला की पहिली काट तिलाच बसते, कारण पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसत असते.

दुसरे, हा प्रकल्प जिवंत असतो. मैला खाणारे जिवाणू त्यात पोसावे लागतात. त्यांना रोज सारखे खाद्य लागते आणि चोवीस तास हवा लागते. धरणकाठच्या हॉटेलात सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या आणि शनिवारी-रविवारी जागा नाही, अशी स्थिती असते. चार दिवस उपाशी ठेवलेल्या जिवाणूंवर दोन दिवस पुराचा लोंढा सोडला तर ते पेलत नाहीत. त्यात डोंगरी भागातली वीज. वादळात तार तुटली की हवा देणारे पंखे बंद, आणि काही तासांत जिवाणू मरायला लागतात. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी जनरेटर असतोच. तो एसटीपीलाही जोडलेला आहे का, हे फाइल तपासणाऱ्याने विचारायला हवे.

तिसरे, ‘शुद्ध केलेले पाणी बागेला वापरू’ हे आश्वासन. एप्रिलमध्ये ते खरे असेल. जुलैमध्ये बागेला पाणी कोण घालतो? आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने जमीन आधीच तुडुंब असते आणि वर्षाविहाराची गर्दीही तेव्हाच असते. ते पाणी उताराने धरणातच जाते. उन्हाळ्यात उलटी अडचण. मे महिन्याच्या सुट्टीत हॉटेल भरलेले असते आणि धरण तळाला गेलेले असते. मिसळायला पाणी कमी असल्याने तेवढीच घाण जास्त तीव्र होते. प्रस्तावात धरण काठोकाठ भरल्याचे चित्र छापलेले असते. हिशेब मात्र मे महिन्याच्या पाण्यावर व्हायला हवा.

लहान हॉटेले आणि ‘फार्म स्टे’ तर सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावरच चालतात. आपला काळा पाषाण वरून अभेद्य दिसतो, पण आत भेगा असतात. मातीच्या जाड थरात पाणी गाळले जाते. भेगांतून ते जवळजवळ न गाळताच विहिरीत किंवा बोअरमध्ये पोहोचते. विहीर शोषखड्ड्यापासून पुरेशी लांब आहे असे कागदावर दिसते, पण भेग कोणत्या दिशेने गेली आहे हे कागदावर नसते.

याचा आजाराशी संबंध काय? अतिसार, विषमज्वर, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ हे सगळे विष्ठेने दूषित पाण्यातून पसरतात. ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांना त्रास देऊन बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत जाते. हॉटेलच्या पाहुण्याला हा धोका कमी, कारण तो बाटलीचे पाणी पितो. धोका खालच्या वाडीतल्या सुनेला आहे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बारे सिंड्रोमची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. अनेकांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाणी आणि अन्नातून तो पोटात जातो. त्याच्याशी लढायला शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती क्वचित चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतात आणि हातपाय लुळे पडतात. या साथीचा संबंध कोणत्याही हॉटेलाशी जोडता येत नाही आणि मी जोडतही नाही. मुद्दा इतकाच की खडकवासल्याच्या पायथ्याशी, महानगराच्या हद्दीत पाण्याची एक कडी कच्ची राहिली तर काय होते हे आपण पाहिले आहे.

शुद्धीकरणातून सुटणारे नत्र आणि स्फुरद हा आणखी वेगळा धोका. साचलेल्या पाण्याला हे खत मिळाले की जलपर्णी वाढते, डास वाढतात आणि हिरवट-निळे शेवाळ धरते. त्यातल्या काही जाती यकृतावर हल्ला करणारे विष सोडतात. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली असेच जलाशयाचे पाणी नीट शुद्ध न करता डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मेले. हे विष उकळल्याने जात नाही.

मग कायदा काय करतो? समुद्रकिनाऱ्याला १९९१ पासून देशभर किनारा नियमन क्षेत्राची रेषा आहे. धरणांच्या जलाशयांना तशी देशभराची एक रेषा नाही. निळी आणि लाल पूररेषा आहेत, पण त्या माणसाला पाण्यापासून वाचवण्यासाठी आहेत, पाण्याला माणसापासून वाचवण्यासाठी नाहीत. राज्यात २००० पासून नदीकाठच्या उद्योगांना अंतराची अट घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण होते. ते २०१५ मध्ये रद्द झाले. पर्यावरण परवानगी लागते ती २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला. त्याहून लहान हॉटेल त्या चाळणीतून जातच नाही. मोठे बांधकाम असले तरी २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, पण ती सुटी-सुटी, एकेका हॉटेलापुरती. एका काठावर अशी वीस झाली तर एकूण काय होईल, याची बेरीज कुणाच्याच टेबलावर नसते.

लवासाचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या १८ गावांच्या जमिनीवर, वरसगावच्या पाण्याच्या काठी ते शहर आखले गेले. २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार खुद्द कंपनीलाच दिले गेले. म्हणजे अर्ज करणारा आणि तपासणारा एकाच घरातले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार काढून पीएमआरडीएकडे दिले गेले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आरोग्याच्या दृष्टीने यातून एक साधा प्रश्न निघतो. मालक अडचणीत आला तर सांडपाण्याची यंत्रणा पुढे कोण चालवणार, आणि कुणाच्या पैशाने? इमारत बंद पडली तर फक्त धूळ बसते. खोल्या सुरू आणि शुद्धीकरण बंद असेल तर मैला थेट पाण्यात जातो.

हॉटेल नकोच, असे माझे म्हणणे नाही. धरणांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि त्यांची मुले शिरवळच्या कंपन्यांत पाळ्या करतात. त्यांना घराजवळ रोजगार मिळत असेल तर तो मिळायलाच हवा. गरिबी हाही आजारच आहे, हे सरकारी दवाखान्यात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय धरणात घाण फक्त हॉटेलचीच जाते असेही नाही. गावांची गटारे आणि शेतातली खतेही जातात. पण ती दुरुस्त व्हायची आहेत म्हणून नव्याने भर घालायची, हा युक्तिवाद पटणारा नाही. गाव आधीच वसलेले आहे. हॉटेल अजून कागदावर आहे, आणि कागदावर असतानाच अट घालणे सर्वांत स्वस्त पडते.

त्या अटी फार अवघड नाहीत. झोन बदलाच्या किंवा बांधकामाच्या प्रत्येक प्रस्तावात तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे लेखी मत बंधनकारक असावे, आणि ते फेटाळायचे असेल तर कारण लिहावे. सांडपाण्याचा हिशेब सर्वांत वाईट दिवसाचा मागावा, म्हणजे हॉटेल भरलेले, धरण रिकामे आणि वीज गेलेली. शुद्ध केलेले पाणीसुद्धा जलाशयात सोडायचे नाही, आणि पावसाळ्यात ते साठवणार कुठे हे नकाशावर दाखवायचे. यंत्रणा काही वर्षे चालवता येईल एवढी रक्कम आधीच अनामत ठेवून घ्यावी. एकेका हॉटेलाऐवजी संपूर्ण जलाशय किती भार सोसू शकतो हे आधी ठरवावे आणि तेवढ्याच परवानग्या द्याव्यात. शेवटी, हॉटेलखालच्या पाण्याचे नमुने दर महिन्याला सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

वाचकांनाही यात काम आहे. झोन बदलाची सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. ती आली की मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहू नका. रोज किती सांडपाणी, पावसाळ्यात जाणार कुठे, वीज गेल्यावर काय, मालक गेल्यावर कोण, हे चार प्रश्न लिहा आणि पोच घ्या. विषय ग्रामसभेत मांडा. हॉटेल ज्या गावात आहे त्या गावाबरोबर खालच्या गावांनीही मांडायला हवा, कारण पाणी त्यांच्याकडे जाते.

तोपर्यंत आपल्या हातातले सोडू नका. गावचा जलसुरक्षक टीसीएल पावडर रोज टाकतो का, टोकाच्या घरातल्या नळाला ओटी टेस्ट पिवळी येते का, हे विचारा. कावीळ किंवा जुलाबाचे दोन-तीन रुग्ण एकाच वस्तीत एका आठवड्यात दिसले तर आशाताईंना लगेच सांगा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर पाणी उकळून, गार करून, झाकून ठेवा. काठावरच्या हॉटेलची फाइल कुठवर आली याची वाट पाहत बसण्याची गरज त्यासाठी नाही.